हजेरीपट आणि त्याबाहेरील माणसे

महोत्सवी स्मरणिकेत मंदिराच्या पायाभरणीचा, घंटेचा, शाळेचा आणि पूर्वी येथे सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत असावा हे रास्तच आहे, आणि तो या पुस्तिकेत अन्यत्र आला आहे. आम्ही वाचकांपुढे जो इतिहास मांडणार आहोत तो निराळ्या प्रकारचा आहे. ज्या कुटुंबांच्या वर्गणीतून मंदिरे उभी राहतात ती कुटुंबे कोणाच्या तरी शेतात, गुदामात किंवा कारखान्यात राबत असतात. ते काम एके दिवशी, एकट्यादुकट्याचे नव्हे तर शेकडो माणसांचे एकदम, संपते. बाप्तिस्म्याच्या वहीत याची नोंद होत नाही. लग्नाच्या व मयतांच्या वहीतही होत नाही. तथापि त्या वह्यांत जी माणसे आहेत त्यांच्या आयुष्यास याहून मोठा धक्का क्वचितच बसला असेल.

अशा सामुदायिक कामकपातीचा इतिहास जालना, मराठवाडा आणि मुंबई यांच्या संबंधाने आम्ही येथे सांगणार आहोत. त्यात एक वस्तू वारंवार पुढे येईल. ती म्हणजे हजेरीपट, ज्याला कामगार मस्टर म्हणतात ते पुस्तक. कपात कोणाची झाली, भरपाई कोणास मिळाली, आणि कोणाचे नुकसान नुकसान म्हणून मोजलेच गेले नाही, हे सर्व बहुतकरून त्या पुस्तकावरून ठरत आले आहे.

कारखाने येण्यापूर्वीही जालन्याने एक मोठी कपात पाहिली होती. १८२७ साली येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी वसली. पाऊणशे वर्षे ती येथे होती. पुढे निजाम सरकार व लॉर्ड कर्झन यांच्यात वऱ्हाडाविषयी १९०२ साली करार झाला, कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली, आणि १९०३ साली जालन्याची छावणी उठली. शिपायांची नावे पटावर होती, सबब ते दुसरीकडे गेले तरी त्यांचा पगार त्यांच्यामागून गेला. परंतु कोणत्याही छावणीभोवती भिस्ती, धोबी, मोतद्दार, आचारी, शिंपी आणि दाणागोटा पुरविणारे यांची एक वस्ती असते. तिला विलीन करून घेणारे सैन्य जगात कोठेही नाही. पलटण जाते, आणि ती वस्ती जागच्या जागी उरते.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली. हैदराबादेहून मनमाडास जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यावरून धावू लागली, आणि येथील काळ्या जमिनीतील कापसास मुंबईचा रस्ता मोकळा झाला. सरकी काढून, रुई दाबून, गासड्या बांधून कापूस डब्यांत चढू लागला. त्यासाठी लागणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने जालन्यात उभे राहिले. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असे जुनी माणसे म्हणत. व्यापाऱ्यांच्या बाबतीत ते खरे असावे.

या जिनांची एक रीत वाचकांनी ध्यानात घ्यावी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येऊ लागला की जिन सुरू होतो. आवक आटली की पट्टे उतरवले जातात आणि माणसे घरी जातात. दरवर्षी, न चुकता, सगळ्या कारखान्याची माणसे थोड्या दिवसांच्या अंतराने बेकार होतात. याला कपात म्हणत नाहीत, हंगाम संपला म्हणतात. शब्द निराळा वापरला की हक्कही निराळा होतो. १९५३ साली कामावाचून बसवून ठेवलेल्या कामगारास भरपाई देण्याचा जो कायदा झाला, त्याची हकीकत पुढे येईलच. त्या भरपाईतून हंगामी स्वरूपाचे कारखाने आणि पन्नासाहून कमी कामगारांचे कारखाने स्पष्टपणे वगळण्यात आले. अमुक कारखाना हंगामी आहे किंवा नाही, असा वाद पडल्यास सरकारचा निर्णय अखेरचा ठरविण्यात आला. जिनात कापसाचे ढीग ओढणाऱ्या आणि यंत्रात कपाशी घालणाऱ्या बायांना हा कायदा ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, कारण तो त्यांच्यासाठी नव्हता.

आता गासड्यांच्या मागोमाग आपण मुंबईस जाऊ. कावसजी नानाभाई दावर यांनी तेथे पहिल्या सूतगिरणीची कंपनी १८५४ साली स्थापली, व १८५६ साली गिरणी चालू झाली. पुढील पन्नास वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, वरळी, नायगाव या भागांत इतक्या गिरण्या झाल्या की त्या मुलखाचे नावच गिरणगाव पडले. आपल्याकडून कापूस गेला. माणसे मुख्यत्वे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इकडची गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० रोजी त्यांस रविवारची सुटी मान्य झाली. रविवारी सकाळी मिस्सेस येणाऱ्या कामकरी मनुष्याने हे नाव विसरू नये, इतके सांगून पुढे जातो.

गिरणीत दोन प्रकारची माणसे असत. एक कायम, ज्यांचे नाव मस्टरवर चढलेले. आणि दुसरी बदली. बदली कामगार पहाटे भोंगा होण्याच्या वेळी दारापाशी येऊन उभा राहावयाचा. आत खात्यात जितके कायम कामगार गैरहजर असतील तितकी बदली माणसे आत घेतली जावयाची, उरलेली माघारी जावयाची. ती माघारी जाणारी माणसे बेकार होती काय? कोणत्याही कागदाप्रमाणे नव्हती. त्यांस कामावरून काढले होते काय? तेही नाही. त्या दिवशी कोणी आजारी पडले नव्हते, इतकेच. अशा रीतीने वर्षानुवर्षे काढून मग कधीतरी नाव कायम होई. म्हणून गिरणगावात कायम होणे ही लग्नाइतकीच मोठी गोष्ट मानली जात असे.

गिरण्यांतून समूहाने प्रथम कमी झाल्या त्या बायका. १९३० च्या आगेमागे मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत सुमारे एक स्त्री होती. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत त्या असत. पुढे त्या खात्यांत नवी यंत्रे आली, रात्रपाळीस स्त्रियांना मनाई असल्याने पाळ्यांचा घोळ होऊ लागला, आणि बाळंतपणाच्या पगाराचा बोजा मालकांस नको झाला. काढलेल्या बाईच्या जागी दुसरी बाई घेतली नाही, की हळूहळू खाते पुरुषांचे होते. मुंबईच्या संपांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. या बायकांसाठी स्वतंत्र संप झाल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही.

कपातीविरुद्ध मोठा लढा झाला तो १९२८ साली. एका विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत अशी योजना कित्येक गिरण्यांनी पुढे आणली. तिचा अर्थ साधा होता. तीन विणकरांत एक जास्त. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, दीड लाखाच्या आसपास माणसे कामावर गेली नाहीत. याच संपात श्रीपाद अमृत डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन उदयास आली. संप मिटला, न्यायमूर्ती फॉसेट यांची समिती बसली. तीन साच्यांचा प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा डोके वर काढीत राहिला.

स्वातंत्र्यानंतर या विषयात कायदा आला, आणि तोही गिरण्यांमुळेच आला. १९५३ साली कापड गिरण्यांत माल तुंबला, मालकांनी पाळ्या बंद करण्याचे योजिले, आणि हजारो माणसे एकदम घरी बसण्याची भीती उत्पन्न झाली. म्हणून त्या वर्षीच्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने प्रथम वटहुकूम काढला व मग औद्योगिक विवाद कायद्यात नवे प्रकरण घातले. त्याप्रमाणे तात्पुरते काम बंद ठेवल्यास, ज्याला ले-ऑफ म्हणतात, कामगारास मूळ पगार व महागाई भत्ता यांचा अर्धा भाग मिळावा, असे ठरले. कायमचे कमी करावयाचे झाल्यास एक महिन्याची सूचना आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, जो शेवटी आला त्याला प्रथम कमी करावे, आणि पुन्हा भरती झाल्यास कमी केलेल्यांना आधी बोलवावे, असेही ठरले. कायदा चांगला होता. ले-ऑफच्या भरपाईतून त्याने बदली कामगारास वगळले, आणि बदली कोण याची व्याख्या करताना लिहिले की, ज्याचे नाव हजेरीपटावर आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी जो लावला जातो तो. वर्षभर सतत काम झाले तर मात्र त्याला बदली समजू नये, अशी सवलत ठेवली. वाचकांनी पाहावे, कायद्याच्या भाषेतही हजेरीपट कसा येऊन बसला आहे तो.

या कायद्याची पहिली मोठी परीक्षा आपल्याच बाजूस झाली. कुर्डुवाडीहून बार्शी, पुढे लातूर, आणि दुसरीकडे पंढरपूर व मिरज अशी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी वाचकांतील वडील मंडळींस आठवत असेल. एव्हरार्ड काल्थ्रॉप नामक इंग्रज इंजिनियराने ती काढली. पहिला टप्पा १८९७ साली उघडला, आणि मिरजेपर्यंतचा फाटा १९२७ साली झाला. लातूरची बाजू निजामाच्या मुलखात होती. १ जानेवारी १९५४ पासून सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने त्यापूर्वीच सर्व नोकरांस सूचना दिली की ३१ डिसेंबर १९५३ रोजी तुमची नोकरी समाप्त होत आहे. बहुतेकांस सरकारी रेल्वेने पुन्हा घेतले. परंतु जुन्या नोकरीचा हिशेब कंपनीने चुकता करावा, ही कपातच आहे, असे म्हणून कामगार नव्या कायद्याने भरपाई मागू लागले.

तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि बडोद्याच्या एका गिरणीचा तसाच तंटा त्याबरोबर चालला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की, कपात याचा अर्थ धंदा चालू असता त्यातील जादा माणसे कमी करणे. धंदाच खरोखर बंद झाला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर सर्वांस काढणे ही कायद्याच्या अर्थाने कपात नव्हे. शब्दांच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड असेल. त्याचा परिणाम मात्र असा होता की, शंभरांतून दहा काढले तर दहांना भरपाई, आणि शंभरच्या शंभर काढले तर कोणासच नाही. संसदेस हे रुचले नाही. १९५७ साली दुरुस्ती झाली, कारखाना हस्तांतरित झाल्यास वा बंद पडल्यास भरपाई द्यावी असे दोन कलम घातले गेले, आणि त्यांचा अंमल मागील तारखेने, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून धरण्यात आला. निकालाने उघडलेले दार दुसऱ्या दिवसापासून बंद करणारी अशी तत्परता आमच्या विधिमंडळांत नेहमी दिसत नाही, म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख केला. ज्यांच्यासाठी दावा चालला त्या बार्शी रेल्वेच्या माणसांना मात्र या दुरुस्तीचा लाभ नव्हता. त्यांची तारीख आधीची होती.

आणीबाणीत, १९७६ साली, आणखी एक पाऊल पडले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने ले-ऑफ, कपात वा टाळेबंदीखेरीज कायमची बंदी करावयाची झाल्यास सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी, असा नियम झाला. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने हा आकडा शंभरावर आला, व १९८४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. कागदावर पाहिले तर कामगारास याहून भक्कम कवच क्वचितच लाभले असेल. आणि नेमक्या याच वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतून अशी कपात झाली की जिला परवानगीची गरजच पडली नाही.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा औरंगाबादेपासून निराळा झाला. त्याला नऊ महिनेही झाले नव्हते, तो १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबविले. डॉक्टर दत्ता सामंत हे त्यांचे पुढारी होते. बोनसच्या तंट्यातून प्रकरण पेटले. पण मुळाशी दुसरे दुःख होते. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६, याप्रमाणे एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलण्याचा अधिकार होता, आणि ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही संघटना आपली नाही, असे पुष्कळ कामगारांस वाटत होते. आमचे मत विचाराल तर डॉक्टरांची जिद्द मोठी होती आणि हिशेब कच्चा होता. मालकांचा हिशेब पक्का होता. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होते, जुनी यंत्रे नवी करण्यास पैसा घालावा लागत होता, आणि गिरणीखालील जमिनीची किंमत गिरणीहून जास्त होत चालली होती. संप जितका लांबेल तितका नफा असणाऱ्या मालकाला संपाची धमकी कशी द्यावयाची?

पहिले काही महिने गावाकडून धान्य आले. पुष्कळजण गावीच गेले, शेतात राबले, व बातमीची वाट पाहू लागले. दुसरे वर्ष उजाडले. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. काही गिरण्या हळूहळू, थोड्या माणसांनिशी, सुरू झाल्या. काहींचा भोंगा पुन्हा वाजला नाही. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. म्हणून तो कोणत्या दिवशी संपला हे इतिहासकारासही सांगता येत नाही. आणि कपात? तिचाही दिवस नाही. सुमारे लाखभर माणसांचे काम गेले असा सर्वसाधारण अंदाज आहे. परंतु त्यातील बहुतेकांस, तुम्हांस आम्ही कमी करीत आहोत, असे कोणी म्हटले नाही. तो कामावर आला नाही, म्हणून त्याने सोडले, असे झाले. एक महिन्याची सूचना, दर वर्षामागे पंधरा दिवस, शेवटी आलेला प्रथम, पुन्हा भरतीत पहिला हक्क, ही सारी कलमे पुस्तकात होती. ती लागू पडावीत असा प्रसंगच घडला नाही असे धरून चालण्यात आले. फंड आणि ग्रॅच्युइटी यांसाठी पुढे कित्येक वर्षे हेलपाटे घालणारे कामगार गिरणगावात होते.

जे मस्टरवर होते त्यांची ही गत. मग बदलीवाल्यांचे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. आणि त्यांच्याही पलीकडे एक वर्ग होता, ज्याकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. कुटुंब गावी ठेवून मुंबईत राहणारा कामगार खानावळीत जेवत असे. खानावळ म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी एक बाई, तिचा स्टोव्ह, तिचे डबे, आणि महिनाअखेर पैसे देणारे दहा-पंधरा गिऱ्हाईक. या बाया सावकाराकडून उचल घेऊन किराणा भरीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या खानावळवाल्या बायांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची व्यवस्था केली, हे फार मोठे काम होय. संप झाला तेव्हा गिऱ्हाइकांचे पगार थांबले, गिऱ्हाईक गावी गेले, आणि बाईची उधारी वहीतच राहिली. त्या बाईने संपाच्या ठरावावर मत दिले नव्हते. गिरणीने तिला नेमले नव्हते. सबब तिला कोणी काढलेही नाही. छावणीचे भिस्ती आणि खानावळीच्या बाया यांत ऐंशी वर्षांचे अंतर आहे, आणि दोघांचीही नावे कोणत्याच पटावर नव्हती.

गिरण्यांच्या जमिनींचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले आहे. १९९१ साली नियम झाला, की जमीन विकसित करावयाची झाल्यास तिचे वाटे करून काही भाग महापालिकेस व काही घरबांधणीसाठी द्यावा. २००१ साली त्या नियमात बदल होऊन वाटणी केवळ मोकळ्या जमिनीची करावी असे ठरले, म्हणजे वाटा पुष्कळच आकसला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. गिरणी कामगारांसाठी घरांची पहिली मोठी सोडत जून २०१२ मध्ये निघाली, तीत ६,९२५ घरे होती, आणि अर्ज दीड लाखाच्या घरात होते. घरावर हक्क कोणाचा? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या नोकरीत होता त्याचा, किंवा त्याच्या वारसाचा. तेव्हा तीस वर्षांनी पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या, आणि विधवा व मुले गिरणीचे तिकीट, पास, पगाराची चिठ्ठी शोधू लागली. ज्या कागदाने कपातीच्या वेळी काही केले नाही, तो कागद आता घराची किल्ली झाला होता.

येथे आमच्या धर्मपीठाचा एक विचार विषयाशी लागून आहे म्हणून सांगतो. पोप तेरावे लिओ यांनी कामकऱ्यांच्या स्थितीविषयीचे आपले परिपत्र १५ मे १८९१ रोजी काढले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हिंदुस्थानच्या कारखाना कायद्यात आठवड्याच्या सुटीची सक्ती आली. नव्वद वर्षांनी, १४ सप्टेंबर १९८१ रोजी, मुंबईचा संप सुरू होण्यापूर्वी अवघे चार महिने, पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमाविषयीचे परिपत्र काढले. त्यात त्यांनी प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला आहे. जो पगार देतो तो प्रत्यक्ष मालक. परंतु कायदे, करार, बाजार आणि सरकारे यांच्या द्वारे जे त्या पगाराच्या व कामाच्या अटी ठरवितात, ते अप्रत्यक्ष मालक होत, व त्यांच्याही शिरावर जबाबदारी आहे. हा विचार आम्ही पाठशाळेत शिकलो तेव्हा तो आम्हांस अंमळ सूक्ष्म वाटला होता. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे पाहिले म्हणजे तो सूक्ष्म वाटत नाही.

जालन्यात गेल्या कित्येक वर्षांत बियाण्यांच्या बरोबरीने पोलादाचा धंदा वाढला. भंगार वितळवावयाचे आणि त्याच्या सळया ओढावयाच्या, हा तो धंदा. घरोघरच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई असते. भट्टीला वीज लागते आणि पाणी लागते, व या जिल्ह्यात पाण्याची काय अवस्था आहे हे २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा जळताना ज्यांनी पाहिले त्यांस सांगणे नको. भट्टीपुढील काम कठीण व तापाचे. त्यासाठी मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश इकडची माणसे येतात, आणि त्यांतील पुष्कळ ठेकेदारामार्फत येतात. अशा माणसाचा प्रत्यक्ष मालक ठेकेदार. भट्टी कोणाची, ती कोणत्या दिवशी विझवावयाची, हे ठरविणारा दुसराच.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि भट्ट्या विझल्या. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहखात्याने हुकूम काढला, की टाळेबंदीच्या काळात कामगारांचे वेतन कापू नये. हुकूम लागू होता, तथापि परमुलखातील माणसास भाडे, धान्य आणि घरची काळजी या तिन्हींनी एकदम घेरले. ७ मेच्या सायंकाळी जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे वीस मजूर पायी निघाले. ते मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया या जिल्ह्यांचे होते. भुसावळपर्यंत जावे व तेथून गाडी मिळते का पाहावे, असा त्यांचा विचार होता. रस्त्यावर अडवतील म्हणून ते लोहमार्गाने चालले. हा तोच लोहमार्ग, ज्यावरून १९०० पासून जालन्याचा कापूस जात आला. रात्रभर चालून थकल्यावर, गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, त्यांतील बहुतेक करमाडजवळ रुळांवरच झोपी गेले. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. चार वाचले. रुळांवर विखुरलेल्या भाकरपोळ्यांचे चित्र सर्व देशाने पाहिले, त्याचे वर्णन आम्ही करीत नाही.

त्या दिवशी देशात १९७९ चा एक कायदा अमलात होता. ठेकेदारामार्फत परप्रांतात कामास नेलेल्या मजुरास घरून कामाच्या जागी येण्याचे आणि परत जाण्याचे भाडे द्यावे, प्रवासाच्या दिवसांचे वेतनही द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. १९७० चा ठेका कामगार कायदाही अमलात होता. ठेकेदाराने वेतन न दिल्यास मूळ मालकाने ते द्यावे, असे तो सांगत होता. वेतन न कापण्याचा गृहखात्याचा हुकूम आणखी दहा दिवसांनी, १८ मेपासून, मागे घेण्यात आला. पुढे १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक व कामगार यांनी आपसांत बोलून वेतनाचा प्रश्न मिटवावा, असे सुचविले. आपसांत बोलावयाचे तर दोन्ही पक्ष एका जागी असावे लागतात. एक पक्ष तोपर्यंत गावी पोहोचला होता, किंवा पोहोचला नव्हता.

या विषयाच्या कायद्याचे पुस्तक आता नव्याने बांधले गेले आहे. जुने एकोणतीस कायदे मोडून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. परवानगीचा आकडा, जो १९७६ साली तीनशे होता व पुढे शंभर झाला, तो पुन्हा तीनशे झाला आहे. शंभर ते तीनशे माणसांचे कारखाने त्यामुळे मोकळे झाले. कमी केलेल्या कामगारास नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने पंधरा दिवसांचे वेतन निधीत भरावे, ही गोष्ट नवी आहे व चांगली आहे. हंगामी कारखान्यांस आणि पन्नासाहून कमी कामगारांच्या कारखान्यांस ले-ऑफच्या भरपाईतून १९५३ साली दिलेली सूट तशीच ठेवली आहे, म्हणजे आपल्या जिनांतील बायांची स्थिती पूर्वीचीच आहे. ठेका कामगारांविषयीचा नियम पूर्वी वीस माणसांपासून लागू होई, तो आता पन्नासांपासून होतो.

एक कलम मात्र आम्ही दोनदा वाचले. कामावर ठेवलेल्या प्रत्येक कामगारास लेखी नेमणूकपत्र द्यावे, असे सुरक्षाविषयक संहितेत आले आहे. आमच्या धर्मग्रामातील ज्या घरांची मुले जालना, शेंद्रा किंवा वाळूज येथे कामास आहेत, त्यांनी ते पत्र मुलांस मिळाले आहे काय, व त्यावर नाव, कामाचे स्वरूप, वेतन आणि रुजू झाल्याची तारीख नीट लिहिली आहे काय, हे पाहावे. न मिळाले असल्यास अर्ज कसा करावा, हे धर्मग्रामाच्या कचेरीत रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर सांगण्यात येईल. येताना ठेकेदाराचे नाव, कामावर गेल्याची तारीख, आणि पगाराची एखादी चिठ्ठी घरात असेल तर ती घेऊन यावी.